लिचेसवर वर्षभर खेळल्यानंतर: बॉट, इंजिनवाले आणि खरी माणसं

मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी, दोघी गेलं वर्षभर लिचेस या ऑनलाइन साइटवर बुद्धिबळ खेळतोय. त्याआधी आमच्या फोनवर दुसरं एक ॲप होतं. त्याचं नाव इथे घेत नाही, पण ते का काढून टाकलं हे सांगितल्याशिवाय लिचेसबद्दल नीट लिहिता येणार नाही. मुलांच्या क्लासबाहेर थांबलेले पालक "कोणतं ॲप घेऊ?" असं विचारतात, तेव्हा त्यांचा प्रश्न किमतीचा आणि डिझाइनचा असतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: समोर कोण बसलंय, हे ॲप खरं सांगतं का?

त्या जुन्या ॲपवर ते सांगितलं जात नव्हतं. प्रतिस्पर्ध्याला नाव असायचं, फोटो असायचा, देशाचा झेंडा असायचा. रात्री दीड वाजता बटण दाबलं तरी एका सेकंदात कुणीतरी हजर. वीसेक चाली हा गडी कसलेल्या खेळाडूसारखा खेळायचा, आणि मग काहीही कारण नसताना वजीर उचलून प्याद्याच्या तोंडी द्यायचा. माणूसही वजीर गमावतो, पण तो दुसऱ्या बाजूच्या हल्ल्यात गुंतलेला असतो, घड्याळ संपत आलेलं असतं, किंवा लांबवरचा उंट त्याच्या नजरेतून सुटलेला असतो. त्याच्या चुकीमागे काहीतरी विचार असतो. या चुकांमागे कसलाच विचार नव्हता. हरल्यावर परत डाव मागणं नाही, मेसेजला उत्तर नाही, आणि प्रोफाइल उघडावं तर आत जुने डावच नाहीत. हा बॉट, म्हणजे माणसाऐवजी खेळणारा प्रोग्राम आहे, असं मात्र कुठेही लिहिलेलं नव्हतं.

गेम कंपन्या हे का करतात ते समजण्यासारखं आहे. नवीन माणसाला ताटकळत ठेवलं की तो ॲप बंद करतो, आणि सुरुवातीचे चार डाव हरला तरी बंद करतो. म्हणून त्याला लगेच कुणीतरी द्यायचं आणि थोडं जिंकूही द्यायचं. मारामारीच्या मोठ्या गेम्समध्ये हे उघडपणे चालतं. फोर्टनाइटने २०१९ मध्ये बॉट आणतोय असं जाहीरच केलं होतं, आणि पाठोपाठ पबजीच्या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीतही ते आले. जाहीर करून आणले तर माझी तक्रार नाही. माझी तक्रार लपवण्याबद्दल आहे, कारण बुद्धिबळात त्याचा खेळावर थेट परिणाम होतो. माझ्या मुलीला समोरचा कधीतरी वजीर फुकट देईल म्हणून वाट बघत बसायची सवय लागली. शाळेच्या स्पर्धेत प्रत्यक्ष पटावर बसली, तेव्हा समोरच्या मुलाने काहीही फुकट दिलं नाही. ॲपवर तिचं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, वाढत होतं, आणि खेळ होता तिथेच होता.

लिचेस २०१० मध्ये तिबो ड्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलं. आज ती फ्रान्समधली ना-नफा संस्था आहे आणि देणग्यांवर चालते. जाहिराती नाहीत, पैसे भरून उघडणारं काही नाही, आणि सगळा कोड कुणालाही वाचता येतो. बॉट इथेही भरपूर आहेत, पण प्रत्येकाच्या नावाआधी 'बॉट' असा शिक्का असतो. बॉटचं खातं करायचं तर त्या खात्यावर आधी एकही डाव खेळलेला चालत नाही, आणि एकदा ते बॉटचं झालं की परत माणसाचं होत नाही. आपण झटपट डाव मागतो त्या रांगेत बॉट येत नाहीत. त्यांच्याशी खेळायचं असेल तर आपणहून आव्हान द्यावं लागतं.

एवढ्या साध्या व्यवस्थेने किती फरक पडतो, ते मला माया नावाच्या बॉटमुळे कळलं. माया हे लिचेसवरच्या लाखो मानवी डावांवरून शिकवलेलं न्यूरल नेटवर्क आहे. सर्वोत्तम चाल शोधणं हे त्याचं कामच नाही. अमुक रेटिंगचा माणूस इथे काय खेळेल, याचा ते अंदाज बांधतं. एक अकराशेच्या आसपासच्या खेळाडूंवरून शिकलेलं, एक पंधराशेच्या, एक एकोणीसशेच्या. अकराशेची माया माणसासारखी चुकते: हव्यासाने प्यादं खाते आणि राजासमोरची बाजू उघडी टाकते. मुलगी तिच्याशी आवडीने खेळते. समोर यंत्र आहे हे तिला ठाऊक असतं, म्हणून ती जिंकली तरी हुरळत नाही आणि हरली तरी रडत नाही. मला बॉट नकोत असं मुळीच नाही, ते सांगूनसवरून समोर बसवावेत एवढंच.

आता दुसरा आणि जास्त अवघड प्रश्न: माणसाच्या खात्यावर बसून इंजिनाच्या, म्हणजे सर्वोत्तम चाल शोधून देणाऱ्या प्रोग्रामच्या, चाली खेळणारे. डीप ब्लू या कॉम्प्युटरने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं ते १९९७ मध्ये, आणि त्यासाठी भलंमोठं यंत्र लागलं होतं. आज स्टॉकफिश हे इंजिन फुकट मिळतं, साध्या फोनवर चालतं आणि जगज्जेत्यापेक्षा कितीतरी सरस खेळतं. बंदुकीच्या गेममध्ये चीटिंग करणाऱ्याला बहुतेक वेळा गेमच्याच प्रोग्राममध्ये हात घालावा लागतो. म्हणून व्हॅलोरंट या गेमचं व्हॅनगार्ड हे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टिमच्या पार गाभ्यात बसून पहारा देतं. बुद्धिबळात हा उपायच चालत नाही. डाव लॅपटॉपवर, इंजिन मांडीवरच्या फोनमध्ये. लॅपटॉप कितीही तपासा, त्यात काही सापडणार नाही. हातात उरतात फक्त चाली आणि त्या खेळायला लागलेला वेळ.

पण या दोन गोष्टी भरपूर बोलतात. माझ्या एका पंधरा मिनिटांच्या डावात हे अगदी स्वच्छ दिसलं. समोरच्याने माझा घोडा मारला, मी त्याचं मोहरं मारलं, आणि त्याला ते परत मारणं भाग होतं. दुसरी चालच नव्हती. माणूस अशा ठिकाणी अर्ध्या सेकंदात खेळतो, कारण ती चाल त्याने आधीच धरलेली असते. याने सातेक सेकंद घेतले. पुढे पट खूप गुंतागुंतीचा झाला. मी बराच वेळ मान खाली घालून बसले आणि राजाच्या बाजूला प्यादं पुढे ढकललं. त्याने हत्तीचा बळी दिला. त्या बळीचा फायदा सात-आठ चालींनंतर दिसणार होता. असा बळी द्यायचा तर कुणीही घाम पुसत पाच वेळा मोजून बघेल. त्यालाही सातच सेकंद. डाव संपल्यावर लिचेस प्रत्येक चालीला लागलेल्या वेळेचा आलेख दाखवतं. माझा आलेख डोंगरदऱ्यांसारखा होता, त्याचा कंगव्याच्या दातांसारखा सरळ.

मी त्याच्या प्रोफाइलवरून तक्रार केली. कारण निवडायचं, डावाची लिंक टाकायची आणि काय खटकलं ते दोन ओळींत लिहायचं. काही दिवसांनी सूचना आली की माझ्या एका प्रतिस्पर्ध्याने नियम मोडले होते आणि माझे रेटिंगमधले गेलेले गुण परत दिले आहेत. त्याच्या पानावर नियमभंगाचा शिक्का दिसत होता. गुण थोडेसेच होते, पण ते परत मिळण्याला अर्थ आहे. नुसतं खातं बंद केलं तर नुकसान झालेला तसाच राहतो.

तपासणारे चालींइतकंच बाकीचंही बघतात. इंजिनाच्या पहिल्या पसंतीशी चाली किती जुळतात, वेळ कसा वापरला, डाव चालू असताना खेळाडू वारंवार दुसऱ्या खिडकीत जात होता का, आधीचे डाव कसे होते. लिचेसने अशा छाननीसाठी आयर्विन नावाची यंत्रणा बनवली आणि तिचाही कोड खुला ठेवला. प्रत्यक्ष पटावरच्या मोठ्या स्पर्धांसाठी अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाचे केनेथ रेगन अनेक वर्षं अशीच संख्याशास्त्रीय तपासणी करत आले आहेत. या सगळ्यांचा पाया एकच: एका डावावरून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही, शेकडो चालींवरून होतं.

हे कळणं का गरजेचं आहे ते सांगते. जुन्या ॲपवर असताना माझ्या मुलीने एकदा घोड्याचा बळी देऊन तीन चालींत मात केली. तशीच मांडणी तिने कोडी सोडवताना पाहिली होती. समोरच्याने चॅटमध्ये 'चीटर' लिहिलं आणि पुढे एक शिवी. ती माझ्याकडे फोन घेऊन आली. "आई, मी ते पझलमध्ये बघितलं होतं. हे पण चीटिंग असतं का?" पुढचे कित्येक दिवस ती सुचलेला बळी द्यायला बिचकायची, साधी चाल खेळायची. चीटिंग करणाऱ्यांनी केलेलं सगळ्यात मोठं नुकसान मला हे वाटतं. गुण परत करता येतात. पण चांगली चाल खेळली की संशय येतो असं मुलांना वाटू लागलं, तर ते शिकणार कशासाठी?

वरच्या पातळीवरही हेच चाललंय. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला तेव्हाचा जगज्जेता कार्लसन तरुण हान्स नीमनकडून हरला आणि स्पर्धाच सोडून गेला. नीमनने लहानपणी ऑनलाइन डावांत मदत घेतल्याचं कबूल केलं, पण पटावर कधीच नाही असं ठामपणे सांगितलं. नीमनने कार्लसन आणि इतरांवर दहा कोटी डॉलरचा दावा लावला आणि २०२३ मध्ये तडजोड झाली. त्याच वर्षी माजी जगज्जेत्या क्रामनिकने अमेरिकन ग्रँडमास्टर नाकामुराच्या ऑनलाइन ब्लिट्झमधल्या, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांमधल्या, ४६ डावांत साडेपंचेचाळीस गुणांच्या मालिकेवर बोट ठेवलं. चेसडॉटकॉम या साइटने तपासलं आणि काहीच वावगं सापडलं नाही. नाकामुरा हजारो डाव खेळतो, बऱ्याचदा स्वतःपेक्षा कच्च्या खेळाडूंशी. इतक्या डावांत अशी एखादी मालिका येणारच. माजी जगज्जेत्याचीही अशी गल्लत होते, तर एक डाव हरल्यावर चॅटमध्ये समोरच्याला चोर ठरवायचा अधिकार आपल्याला कुठून आला? संशय आला तर तक्रारीचं बटण आहे. ते दाबावं आणि पुढचा डाव लावावा.

दुसरीकडे, 'एवढ्याशा डावात कोण कशाला चीटिंग करेल' असंही समजू नये. जून २०२१ मध्ये कोविडच्या मदतनिधीसाठी आनंद एकाच वेळी अनेक नामवंतांशी ऑनलाइन खेळला. त्यातल्या एका बड्या उद्योजकाने आनंदला हरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरची आणि जाणकारांची मदत घेतल्याचं जाहीरपणे कबूल केलं. ना बक्षीस, ना रेटिंग, तरीही.

लिचेसच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तक्रार केली म्हणजे तिचा सविस्तर निकाल हाती येतोच असं नाही. कसं पकडलं हे सांगितलं तर पुढचा सावध होईल, म्हणून मला ते पटतं. खातं बंद झालेला माणूस नवीन खातं काढून पुन्हा येऊ शकतो. आणि जो मुळात चांगला खेळतो आणि अख्ख्या डावात एकदाच, नेमक्या कठीण क्षणी फोनकडे बघतो, त्याला चालींवरून पकडणं फार अवघड आहे. ही अडचण कुठल्याही साइटची आहे. म्हणूनच महत्त्वाच्या ऑनलाइन स्पर्धांत खेळाडूवर कॅमेरा ठेवतात. तेवढं करूनही सगळं हातात राहत नाही. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि निहाल सरीन यांचं नेट ऐन डावात तुटलं, आणि शेवटी भारत आणि रशियाला संयुक्त विजेतेपद दिलं गेलं. दिव्या तेव्हा चौदा वर्षांची होती. संघाचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी.

त्यामुळे घरी बसून, कॅमेऱ्याशिवाय, प्रवेश फी आणि रोख बक्षीस असलेल्या ऑनलाइन स्पर्धांत मी मुलीला उतरवत नाही. तेच पैसे प्रत्यक्ष स्पर्धांना लावते. आम्ही सांगलीत राहतो, इथे बुद्धिबळाची परंपरा जुनी आहे आणि स्पर्धेसाठी लांब जावं लागत नाही. रेटिंग तिथलं खरं, ऑनलाइन रेटिंग सरावापुरतं, असं घरात ठरलेलं आहे. लिचेसवर नवीन खात्याचं रेटिंग पंधराशेपासून सुरू होतं, त्यामुळे त्या आकड्याची पटावरच्या रेटिंगशी तुलना करूच नये.

कुठला वेळ निवडावा, असंही विचारलं जातं. तीन मिनिटांच्या डावात इंजिन बघायला फुरसत कमी, म्हणून काही जण तोच सुचवतात. मोठ्यांसाठी ठीक आहे. मुलांना मात्र मी पंधरा मिनिटं अधिक प्रत्येक चालीला दहा सेकंद हाच डाव देते. त्यात इंजिनवाला भेटण्याची शक्यता थोडी जास्त असेल, पण विचार करायची सवय तिथेच लागते. वर्षभरातले बहुतेक प्रतिस्पर्धी मला माणसासारखेच चुकताना दिसले. हरतोय म्हटल्यावर चाल न करता घड्याळ संपेपर्यंत बसून राहणारेही असतात. त्यांच्यासाठी वेगळी तक्रार करत बसायची गरज नाही, लिचेस अशांना स्वतःहून ताकीद देतं.

मुलांसाठी खातं काढलंत तर पहिल्याच दिवशी सेटिंग्जमध्ये जाऊन किड मोड चालू करा. चॅट, खासगी मेसेज, फोरम, सगळं बंद होतं आणि उरतात फक्त डाव, कोडी आणि विश्लेषण. आमच्याकडे ते वर्षभर चालूच आहे. मुलगी आता पुन्हा घोड्याचे बळी देते, त्यातले निम्मे फसतात, आणि डाव संपला की नेमकं कुठे फसलं ते स्वतःच उलगडून बघते.