बिलात नवीन डिस्क, चाकात जुनीच! हँडब्रेकच्या नावाखाली १३ हजारांना चुना

गाडी २०१० ची होंडा सीआरव्ही, सेकंड हँड घेतलेली, दोन लिटर मॅन्युअल, टू व्हील ड्राइव्ह. एवढं सांगायचं कारण म्हणजे हिला मागं पण ब्रेकच्या डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकत्या) आहेत आणि हँडब्रेक त्या डिस्कच्या पोटात बसवलाय. डिस्कचा मधला फुगीर भाग आतून छोटा ड्रमच असतो, त्यात दोन बारके लायनर (घासून ब्रेक लावणारे तुकडे) असतात, हँडब्रेक ओढला की ते बाहेर फाकून ड्रमला आवळतात. पायाच्या ब्रेकचा याच्याशी संबंध नाही, त्याचे पॅड वेगळे. हे मला आज माहितीय. मे महिन्यात माहीत नव्हतं, आणि त्याचेच पैसे गेले.

तर झालं असं की ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायचं आणि हँडब्रेक पार वरपर्यंत ओढावा लागायचा. ऑफिसच्या रस्त्यावर एक गॅरेज आहे (पुण्यातच, नाव देत नाही), तिथं दाखवली. मालक एकदम गोड बोलणारा. सर, चारही डिस्क गेल्यात, हँडब्रेकचे लायनर संपलेत, एकदाच करून टाका, पाच वर्षं बघायला नको. व्हॉट्सॲपवर एस्टिमेट आलं, त्यात मागच्या दोन डिस्क ९,२००, हँडब्रेक लायनर २,६००, हँडब्रेक सेटिंग १,२००, पुढच्या चाकांचं काम वेगळं. मी हो म्हणलं. गुरुवारी संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर हँडब्रेक दोन क्लिकमध्ये टाइट! आधी दहा-बारा लागायचे, त्यामुळं मी तर खूशच झालो. जुने पार्ट दाखवा म्हणलं तर पोऱ्यानं चार डिस्क आणून समोर आपटल्या, मी मोठ्या शहाण्यासारखा त्यांचा फोटो काढला आणि यूपीआयनं पैसे देऊन निघालो. बिल लेटरपॅडवर, जीएसटी नंबर नाही. तिथंच खटकायला पाहिजे होतं, पण पक्कं बिल केलं तर १८ टक्के वाढतील म्हणाला आणि आपण पण त्यात आलोच की.

शनिवारी वाईला निघालो. खंबाटकी चढताना बायको म्हणाली काहीतरी जळतंय, मी म्हणलं पुढच्या ट्रकचे ब्रेक असतील. सुरूर फाट्याला आत वळलो तरी वास सोबतच. खाली उतरून बघतो तर मागच्या दोन्ही चाकांजवळ हात नेववत नाही आणि पुढची एकदम नॉर्मल. मी बाटलीतलं थोडं पाणी उडवलं तर चर्र करून वाफ झाली (हे करू नका, लाल तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होते, यावर नंतर शिव्या खाल्ल्या). गॅरेजवाल्याला फोन लावला तर त्याला आश्चर्य वगैरे काही नाही, उत्तर तयारच होतं. कॅलिपर (पायाच्या ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जाम झाले असतील सर, गाडी जुनी आहे ना, दोन्ही बदलावे लागतील, चौदा-पंधरा हजार धरा, टो करून आणा. एवढं ऐकून पण मी टोइंगचा नंबर शोधायला लागलो होतो!

चहाच्या टपरीवाल्यानं वाईच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा पत्ता दिला. अर्धा तास गाडी गार होऊ दिली, मग तीसच्या स्पीडनं तिथं गेलो. मामांनी पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक पूर्ण सोडला आणि मागची बाजू जॅकवर घेतली. दोन्ही चाकं हातानं फिरेनात. मला वाटलं आता चाक उघडतील, पण ते थेट केबिनमध्ये घुसले, हँडब्रेकच्या बुडाचं कव्हर काढलं आणि तिथला केबलचा नट बरेच आटे मागं घेतला. आणि मागं येऊन एका बोटानं चाक फिरवून दाखवलं.

"कॅलिपर जाम असता तर केबल ढिली करून चाक सुटलं असतं व्हय, साहेब?"

म्हणजे हँडब्रेकची सेटिंग चाकापाशी झालीच नव्हती. नुसता केबिनमधला नट आवळून दोन क्लिकवर आणून ठेवला होता, त्यामुळं हँडब्रेक सोडला तरी लायनर चोवीस तास घासत होते. दोन मिनिटांचं काम, १,२०० रुपये.

पण खरी मजा पुढंच आहे. चाक काढलं. डिस्कचा मधला भाग चांदीसारखा चमकत होता, मी म्हणलं बघा, नवीन तर टाकलीय. मामा काही बोलले नाहीत, स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं थोडं खरवडलं तर चांदी निघाली आणि खाली चॉकलेटी गंजाचे पोपडे. स्प्रे मारला होता! होंडाची डिस्क हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) दोन स्क्रूनं धरलेली असते, ते स्क्रू गंजून इतके पक्के बसतात की काढताना डोकं खराब झाल्याशिवाय सहसा निघत नाहीत. माझ्या स्क्रूंच्या खाचेत जुनी माती होती आणि मातीवर चांदीचा रंग. डिस्कवर आतले लायनर सेट करायचं भोक असतं, त्याला रबरी बूच असतं, त्या बुचावरून डिस्कवर रंगाचा एकच सलग थर, कुठं चीर नाही. बूच निघालं असतं तर रंग तुटला असता ना. मामांनी फोनमधला फोटो मागितला, झूम केला आणि हसायलाच लागले. मागच्या म्हणून दाखवलेल्या दोन डिस्कना बोल्टची चार भोकं, माझ्या गाडीला पाच. आणि त्या डिस्क पार चपट्या, आत ड्रम असायला जागाच नाही. फोटो मीच काढलेला. दोन दिवस माझ्याच खिशात होता.

मग मामांनी सगळं उघडलं. डिस्क अशी ओढून येत नाही, आतल्या कडेला गंजाची धार होते आणि लायनर त्यात अडकतात, म्हणून आधी भोकातून आतलं दातेरी चाक फिरवून लायनर आत घ्यावे लागतात, मग डिस्कवरच्या आटेवाल्या दोन भोकांत बोल्ट पिळले की ते हबवर टेकून डिस्कला बाहेर ढकलतात. हातोड्यानं हाणणारे पण असतात म्हणे, त्यात लायनरच्या स्प्रिंगा तुटतात. आत माझे जुनेच लायनर, घासून आरशासारखे झालेले पण जाडी शिल्लक. म्हणजे संपले होते हे पण खोटं. त्यांना पॉलिश पेपर मारला, डिस्क बसवली, दातेरी चाक डिस्क लॉक होईपर्यंत फिरवलं आणि सात-आठ दात मागं घेतलं, दुसरीकडं तसंच, आणि केबलचा नट सगळ्यात शेवटी. क्रम हाच, आधी चाक मग केबल, असं तीनदा म्हणाले. आता सात क्लिकला लागतो आणि पसरणी घाटात गाडी जागची हलली नाही. घेतले ८०० रुपये, पोह्यांसकट.

सोमवारी गॅरेजवर गेलो. आधी "पोरानं केलं असेल", मग "गाडी बाहेर उघडली, आता आमची जबाबदारी नाही". घरी येऊन ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार टाकली, पक्कं बिल नव्हतं पण व्हॉट्सॲपचं एस्टिमेट, यूपीआयची नोंद आणि खरवडलेल्या रंगाचे फोटो जोडले. आठवड्यानं मालकाचा स्वतःहून फोन, ९,००० परत करतो, विषय संपवा. बाकीचे ४,००० मी सोडले, खोटं कशाला बोलू, कंटाळलो होतो. पुढच्या डिस्क खरंच नवीन निघाल्या, ते पण मामांकडूनच बघून घेतलं होतं.

पैसे आले त्या दिवशी ऑफिसवरून येताना त्या गॅरेजसमोरच सिग्नलला थांबलो होतो. त्या चार भोकांच्या दोन डिस्क टायरच्या थप्पीला टेकवून ठेवलेल्या दिसल्या आणि एक सफारीवाले काका मोबाइल काढून त्यांचा फोटो घेत होते. गाडी बाजूला लावली आणि गेलो काकांकडं.