पहिली रेकॉर्ड कुठली? एएमएम की बेली-पार्कर-बेनिंक

कोल्हापूरच्या देवल क्लबात समेवर मान डोलवत घडलेला कान मुक्त वादनाकडे, म्हणजे आधी काहीच न ठरवता तिथल्या तिथं वाजवण्याकडे, वळला की पहिल्या पाच मिनिटांतच बावरतो. ठेका नाही, राग नाही, मग सम कुठून यायची? म्हणून सुरुवात जपून करा. मी दोनच रेकॉर्ड सुचवतो.

पहिली एएमएम या गटाची 'एएमएमम्युझिक', 1966 साली लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेली. कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवून तारांवर वस्तू घासतो, मध्येच रेडिओ लागतो. लू गेअरचा सॅक्सोफोन, एडी प्रेव्होची तालवाद्यं, कॉर्नेलियस कार्ड्यूचा पियानो, लॉरेन्स शीफचं चेलो. कोण काय वाजवतंय हे बऱ्याचदा कळत नाही, आणि त्यांना तेच हवं होतं. आपला हलगीवाला वाजवण्याआधी जाळावर चामडं शेकतो, बोटानं टिचकी मारून बघतो, पुन्हा शेकतो. कडक आवाज निघेपर्यंत गडी हलत नाही. आपण त्याला तयारी म्हणतो. एएमएमसाठी तो नादाचा शोध हेच वादन. ही रेकॉर्ड मोबाईलच्या स्पीकरवर लावू नका. बारीक गुणगुण गळून जाते आणि नुसती खरखर उरते.

दुसरी 'द टोपोग्राफी ऑफ द लंग्ज', 1970 ची, इन्कस या लेबलची पहिली रेकॉर्ड. इथं तिघंच: इव्हान पार्कर सॅक्सोफोनवर, डेरेक बेली गिटारवर, हान बेनिंक ड्रम्सवर. तिघंही वेगवेगळे ऐकू येतात. बेली तुटक, कोरडा. त्याच्या दोन सुरांमधलं अंतर इतकं लांब की एकापाठोपाठ येऊनही ते शेजारी वाटत नाहीत. बेनिंक अंगावर येतो. कुणी कुणाची साथ करत नाही, तरी एकानं काही टाकलं की दुसरा लगेच उचलतो. सवाल-जवाब ऐकलेल्याला इथं धरायला दोरी सापडते.

म्हणून माझं मत या दुसऱ्या रेकॉर्डला. आधी ती तीन-चार वेळा ऐका. पहिल्यांदा फक्त बेलीवर कान ठेवा, मग फक्त ड्रम्सवर. एएमएम नंतर, रात्री, हेडफोन लावून.

सनई वाजवणाऱ्याला मात्र मी या दोन्हींआधी पार्करची 1978 ची 'मोनोसेरस' ऐकवेन. एकट्याचा सोप्रानो सॅक्सोफोन. गालात हवा धरून नाकानं श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही, ही आपल्या सनईवाल्यांची युक्ती तो वापरतो. सनईवाल्याला ती पहिल्या मिनिटातच ओळखू येईल.