गुणतक्ता उभा वाचताना: स्प्रेडशीटच्या आठ महिन्यांच्या वापराचा अनुभव

गेले आठ महिने मी ४२ विद्यार्थ्यांच्या वर्गाचे गणिताच्या चाचण्यांचे गुण स्प्रेडशीटमध्ये ठेवत आहे. पहिले तीन महिने तिचा उपयोग बेरीज, सरासरी आणि क्रम लावणे एवढाच होता, आणि तेवढ्यासाठी जुनी गुणवही काही वाईट नव्हती, हे आधीच मान्य करतो. फरक पडला तो एकूण गुणांऐवजी प्रश्नवार गुण भरू लागल्यावर. एका ओळीत एक विद्यार्थी आणि एका रकान्यात एक प्रश्न अशी मांडणी केली, की आडव्या ओळीत विद्यार्थी दिसतो आणि उभ्या रकान्यात आपण काढलेला प्रश्न कसा होता ते दिसते.

२० बहुपर्यायी प्रश्नांच्या एका चाचणीत सातव्या प्रश्नाचा रकाना शून्यांनी भरून गेला होता. ४२ पैकी केवळ ११ उत्तरे बरोबर, म्हणजे काठिण्य निर्देशांक ०.२६ (नाव काठिण्याचे असले, तरी आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा). घटक कच्चा राहिला असे समजून तो पुन्हा शिकवायच्या तयारीत असतानाच मी भेदन निर्देशांकही (जास्त गुणांच्या आणि कमी गुणांच्या गटांतील बरोबर उत्तरांच्या प्रमाणातला फरक) काढून पाहिला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ट्रूमन केली यांनी १९३९ मध्ये सुचवलेल्या पद्धतीप्रमाणे एकूण गुणांत वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के विद्यार्थी घेतले, म्हणजे दोन्हीकडे अकरा-अकरा. वरच्या गटात तिघांचे उत्तर बरोबर होते आणि खालच्या गटात चौघांचे. निर्देशांक चक्क ऋण आला, म्हणजे प्रश्न हुशार मुलांपेक्षा कच्च्या मुलांनाच जास्त जमला होता.

उत्तरपत्रिका काढून पाहिल्या, तेव्हा चूक माझीच निघाली. ‘खालीलपैकी समांतरभुज चौकोन कोणता?’ या प्रश्नाच्या पर्यायांत आयत आणि समभुज चौकोन दोन्ही होते आणि उत्तरसूचीत मी फक्त आयत लिहिला होता. हुशार मुलांपैकी बहुतेकांनी समभुज चौकोन निवडला होता, आणि त्यांचे उत्तर तितकेच बरोबर होते. मात्र या आकड्यांवर फार विसंबूनही चालत नाही, कारण अकरा जणांच्या गटात एका मुलाचे उत्तर बदलले तरी निर्देशांक ०.०९ ने सरकतो. म्हणून लहानसहान फरकांकडे मी आता लक्ष देत नाही.

त्रासही बराच झाला. गैरहजर असलेल्या तिघांना सुरुवातीला मी शून्य दिले होते, त्यामुळे २६ ची सरासरी २४.१ दिसू लागली. ॲव्हरेजचे सूत्र रिकामा सेल सोडून देते, शून्य मात्र धरते, एवढी साधी गोष्ट लक्षात यायला दोन चाचण्या गेल्या. एकदा फक्त गुणांचा रकाना निवडून सॉर्ट केले आणि नावे जागच्या जागी राहून गुण भलत्यांच्याच पदरी पडले. तेव्हापासून मूळ शीटची प्रत केल्याशिवाय मी कशालाही हात लावत नाही. सहकाऱ्यांना फाइल देताना नावांचा रकाना नुसता लपवून भागत नाही, तो कोणालाही पुन्हा उघडता येतो. तो काढूनच टाकावा लागतो. रंगांचा सोस मलाही होता, पण सगळी शीट रंगीत झाली की काहीच नजरेत भरत नाही. आता ०.४० पेक्षा कमी काठिण्य निर्देशांकाला एकच रंग ठेवला आहे.

सर्वांत मोठी तक्रार भरणीची आहे. ४२ विद्यार्थी आणि २० प्रश्न म्हणजे ८४० नोंदी. एकाने वाचून दाखवायचे आणि दुसऱ्याने टंकायचे असे केले, तरी एक संध्याकाळ जातेच. त्यामुळे प्रत्येक चाचणीसाठी हे करत नाही, घटक संपल्यावरच्या चाचणीपुरतेच करतो. मात्र एक बदल कायमचा केला आहे. चूक-बरोबर म्हणून शून्य किंवा एक न लिहिता, मुलाने निवडलेला पर्यायच अ, ब, क, ड असा भरतो आणि गुण देण्याचे काम वरच्या ओळीतल्या उत्तरसूचीशी ताडून पाहणाऱ्या सूत्रावर सोडतो. श्रम तेवढेच पडतात, पण वर्ग कोणत्या चुकीच्या पर्यायाकडे वळला हे पाहण्यासाठी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुन्हा सोडावा लागत नाही.