रिव्हॉल्व्हरचं .३२ की पिस्तुलाचं .३२?

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात कुणाला शस्त्राचा नवा परवाना मिळाला की हा प्रश्न येतोच. ९ मिमी हे प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य माणसाला परवाना न मिळणारं नळीचं माप, त्यामुळे रोज कमरेला लावायला बहुतेकांच्या वाट्याला येतं ते .३२. पण या दोन .३२ची काडतुसं वेगळी. दुकानात नीट सांगून घ्या.

रिव्हॉल्व्हरचं लांबट: साधारण ६.३ ग्रॅमची शिशाची, गोल नाकाची, संथ गोळी. पिस्तुलाचं आखूड: ४.६ ग्रॅमची, धातूच्या आवरणातली, जास्त वेगाची. मारात फारसा फरक नाही, दोन्ही बेताचीच.

खरा फरक कळतो काडतूस फुसकं निघाल्यावर. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की चक्र फिरून पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मात्र दुसऱ्या हातानं खेचावी लागते. शिवाय पिस्तुलाच्या काडतुसाच्या बुडाला बारीकशी कड असते. मॅगझिन भरताना वरच्याची कड खालच्याच्या मागे गेली, की अडकलंच.

पिस्तूल चपटं, सदऱ्याखाली टोचत नाही, हे मान्य. तरी माझं मत रिव्हॉल्व्हरलाच. फक्त काडतुसं चामडी पट्ट्यात महिनोन्‌महिने ठेवू नका, पितळेवर हिरवट थर चढतो. आणि वरातीत हवेत उडवायचा बेत असेल, तर शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद आहे, काडतूस कुठलंही असो.