पदवीनंतरचं एक वर्ष सेवेला: फिरती टीम की मिशन रुग्णालय?

निकाल लागला की आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघातलं कुणी ना कुणी दरवर्षी विचारायला येतं: नोकरीला लागण्याआधी एक वर्ष प्रभूच्या सेवेला द्यायचंय, कुठे जाऊ? पाचारण म्हणजे देवाचं बोलावणं, घरच्यांची संमती, पाळकसाहेबांचं शिफारसपत्र यांबद्दल तुम्हाला माहीत असतंच, म्हणून त्यात शिरत नाही. बीकॉमनंतरच्या वर्षात मी दोन्हीकडे राहिलो. जुलैपासून चार महिने गावोगावी जाऊन सुवार्ता सांगणाऱ्या एका फिरत्या टीमबरोबर होतो आणि उरलेले आठ महिने नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मिशन रुग्णालयात. तेव्हा हे सगळं त्या एका टीमबद्दल आणि त्या एका रुग्णालयाबद्दल आहे. तुमचा अनुभव वेगळा येऊ शकेल.

फिरत्या टीमनं मला पुष्कळ दिलं, हे आधी मान्य करतो. पहाटेचा शास्त्रअभ्यास, रोज कुणापुढे तरी उभं राहून आपल्या विश्वासाची साक्ष देणं, रेल्वेच्या जनरल डब्यात बारा जणांचं सामान सांभाळणं. मी कॉलेजात मागच्या बाकावर बसणारा मुलगा होतो. माझी भीड तिथेच मोडली. टीममधल्या मिझो मुलांनी मला सोल-फा, म्हणजे ‘डो-रे-मी’ची अक्षरी स्वरलिपी, वाचायला शिकवलं. ती मुलं नवं गीत हाती आलं की पेटीशिवाय चार आवाजांत गाऊ लागत. आजही आमच्या मंडळीत नवं गीत बसवताना मला तेच उपयोगी पडतं. तुम्ही आजवर तालुक्याबाहेर राहिला नसाल, तर त्या चार महिन्यांत जितकी माणसं भेटतात तितकी एरवी पाच वर्षांत भेटणार नाहीत.

खर्चाचं गणित मात्र नीट समजून घ्या. फिरत्या टीममध्ये आपला खर्च बहुधा आपणच उभा करायचा असतो. ‘लोगोस होप’ या देशोदेशी फिरणाऱ्या ख्रिस्ती पुस्तक-जहाजावर जाणारे स्वयंसेवकही आपापल्या मंडळ्यांकडून आणि नातेवाइकांकडून असाच आधार गोळा करतात. रुग्णालयात खोली, मेसचं जेवण आणि हातखर्चापुरतं मानधन मिळालं. रक्कम लहान होती, पण पैशांसाठी कुणाला फोन करावा लागला नाही. कायद्याचंही पाहून ठेवा: ओडिशात १९६७ पासून, मध्य प्रदेशात १९६८ पासून आणि झारखंडात २०१७ पासून धर्मांतराबाबतचे कायदे आहेत. परक्या राज्यात, परक्या भाषेत, चार दिवसांसाठी गेलेल्या तरुणानं तिथल्या स्थानिक पाळकांचं ऐकूनच वागावं.

आता ज्या गोष्टीनं माझा निर्णय झाला ती सांगतो. ती म्हणजे दर महिन्याचं प्रार्थनापत्र.

मला पाठिंबा देणारी अठ्ठावीस घरं होती. प्रत्येक घराला महिनाअखेरीस पत्र जायचं. पत्रात एक फोटो आणि एका माणसाची गोष्ट हवीच, असा टीमचा दंडक होता. लोक आपल्या पगारातून पैसे देतात, त्यांना काय घडतंय ते कळायला हवं, ही त्यामागची भावना रास्तच आहे. पण दुसऱ्या महिन्यापासून माझी नजर बदलली. कुणी रडत बोलायला लागलं की माझ्या मनात पत्राचा पहिला परिच्छेद जुळायला लागायचा.

झारखंडात आम्ही एका संथाळी गावात तीन दिवस होतो. एका आजीनं माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ बोलत राहिली. दुभाषा संथाळीचं हिंदी करत होता, पण तिच्या दहा वाक्यांचं त्याच्याकडून एकच वाक्य यायचं. तिचा मुलगा कामासाठी दूर गेला होता आणि त्याचा निरोप नव्हता, एवढं कळलं. मी प्रार्थना केली, ‘जोहार’ म्हणून नमस्कार केला आणि आम्ही पुढच्या गावाला निघालो. त्या महिन्याच्या पत्रात तीच आली. टीमच्या ऑफिसमधून सुधारून आलेल्या मजकुरात तिचं आयुष्य पालटलं होतं. मी तसं लिहिलं नव्हतं, पण पत्र माझ्या सहीनं गेलं. पुढे सुट्टीत घरी आलो, तेव्हा आमच्या मंडळीतल्या एका मावशींनी उपासनेनंतर मला थांबवलं. महिनाभर त्या रोज त्या आजीसाठी प्रार्थना करत होत्या. “तिचं नाव काय रे? मुलगा आला का तिचा?” मला दोन्ही ठाऊक नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही. मी टीम सोडली ती त्या प्रश्नामुळे.

रुग्णालयातलं काम त्यामानानं रुक्ष आहे. मी केसपेपर काढायचो, औषधांचा साठा मोजायचो आणि बिलाच्या खिडकीवर बसून कुणाला किती सवलत द्यायची याचे कागद डॉक्टरांपुढे ठेवायचो. तिथे माझ्या वयाचं फारसं कुणी नव्हतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून प्रायोजित होऊन शिकलेले एक डॉक्टर आपली सेवेची दोन वर्षं पुरी करायला आले होते, तेच काय ते सोबती. रविवारची दुपार खायला उठायची. तुम्हाला सतत माणसांत राहायची सवय असेल, तर पहिले दोन महिने जड जातील. आणि कुणापुढे बोलायची संधी जवळजवळ मिळत नाही: तिथला नियम असा की रुग्णानं सांगितलं तरच त्याच्याजवळ प्रार्थना करायची.

पण हे आपल्या भाषेतलं काम आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उघडलं, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू करून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं; ती वाट आपल्या दाराशी आहे. मला तिचं मोल कळलं ते एका क्षयरोग्यामुळे. त्याचा उपचार सहा महिन्यांचा होता. दर महिन्याला तो यायचा, खिडकीशी थांबायचा. सुरुवातीला बोलताना धापा टाकायचा. तिसऱ्या महिन्यात शेळी व्याल्याचं सांगून गेला. पाचव्या महिन्यात त्यानं आपणहून विचारलं, “दादा, माझ्यासाठी काही म्हणता का?” म्हणून मी प्रार्थना म्हटली. त्याचं नाव, गाव, शेळ्यांची संख्या मला आजही माहीत आहे. ते कुणाला लिहून पाठवावं लागलं नाही.

बोलण्याचं, शिकवण्याचं दान ज्याच्यात आहे, त्याला फिरती टीम अधिक फळेल, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. फक्त जाण्याआधी पत्राबद्दल विचारून घ्या: कुणी लिहायचं, कुणी सुधारायचं, आणि एखाद्या महिन्यात गोष्टच नसेल तर चालेल का.

रुग्णालयात जाणार असाल, तर माझ्यासारखं नोव्हेंबरात जाऊ नका. दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं निघून जातात. मी पोहोचलो तेव्हा वस्त्यांवरची निम्मी घरं कुलूपबंद होती आणि गरोदर बायका लोहाच्या गोळ्या न घेताच फडावर गेल्या होत्या. त्या परतल्या एप्रिलमध्ये. काही जणींची बाळंतपणं तिकडे कोपीतच, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीतच, झाली होती. जुलैत गेलात तर सेविकेबरोबर त्यांच्या दारी जाऊन, निघण्याआधी गोळ्या आणि तपासणीचं कार्ड हातात देता येतील.