अ‍ॅपोजी एमक्यू-५१०: प्रवाळांच्या टाकीसाठी पार मीटर

निळ्या एलईडीखाली लक्स मीटर (माणसाच्या डोळ्याला जाणवणारा उजेड मोजणारा) फसवतो; तो हिरव्या उजेडाला झुकतं माप देतो. प्रवाळातली शैवालं निळ्यावर जगतात, म्हणून ‘पार’ म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड मोजणारा हा एमक्यू-५१० घ्यावाच. पाण्याखालची दुरुस्ती त्यात आधीच घातलेली आहे, त्यामुळे हवेतले आकडे धरू नका.

पंप बंद करा, सेन्सर प्रवाळाशेजारी सरळ वर तोंड करून धरा. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५०, कठीण सांगाड्याच्या अ‍ॅक्रोपोराला २०० ते ३५० मायक्रोमोल (दर चौरस मीटरला, दर सेकंदाला) पुरतात. नवे दिवे एकदम पूर्ण क्षमतेने लावले की प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा कोलमडते, घातक ऑक्सिजन साचतो, शैवालं बाहेर फेकली जातात आणि प्रवाळ पांढरं पडतं. तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. किंमत मात्र जड आहे; हौशींच्या क्लबात मिळून घेतलेला बरा.