गिअरबॉक्स खोलायला सांगितलाय? आधी इथे मीटर लावून घ्या (अंबड, नाशिक)

गाडी दहा-पंधरा वर्षं जुनी असेल, ऑटोमॅटिक असेल आणि कोणी गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं असेल, तर पैसे मोजायच्या आधी अंबड एमआयडीसीतल्या या गॅरेजला एकदा दाखवा, मनापासून सांगतोय. आमची २०१० ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ४ स्पीड, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे क्लचऐवजी इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी). कंपनीचं नाव लिहीत नाही कारण यात कंपनीचा काही दोष नाही, वयाचा आहे. अण्णांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लचवाली गाडी त्यांना जमत नाही, त्यामुळे ही गाडी विकायचा विषयच घरात निघत नाही.

त्रास असा होता की सकाळी गाडी एकदम मस्त चालायची, पण पाऊस, हेडलाइट, वायपर, एसी, मागच्या काचेचा डिफॉगर असं सगळं एकदम चालू असलं की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना जोरात झटका, कधी स्पीडोमीटरचा काटा चालत्या गाडीत शून्यावर, आणि मग गाडी एकाच गिअरमध्ये अडकायची. मुंबईहून येताना कसारा घाटात हे झालं, मागे कंटेनरची रांग आणि गाडी ओढेच ना, अण्णा शेजारी बसलेले, काय जीव खालीवर झाला ते आमचं आम्हाला माहीत. घाट संपल्यावर बाजूला घेऊन बंद केली, परत चालू केली तर जसं काही झालंच नव्हतं.

त्यानंतर शहरातल्या एका ठिकाणी (नाव घेत नाही) स्कॅनर लावला, पी०७०० हा बिघाडाचा कोड आला आणि थेट पूर्ण ओव्हरहॉल (गिअरबॉक्स अख्खा खोलून दुरुस्ती) सांगितलं, आकडा ऐंशी हजारांच्या वर. आता पी०७०० चा अर्थ फक्त एवढाच की ट्रान्समिशनच्या कंट्रोलरने (गिअरबॉक्स चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) काहीतरी नोंदवून ठेवलंय, ते तिकडे जाऊन वाचा. खरा कोड त्या कंट्रोलरच्या आत असतो आणि स्वस्तातलं ईएलएम३२७ ब्लूटूथवालं यंत्र बऱ्याच जुन्या गाड्यांत तिथपर्यंत पोचतच नाही, इंजिनाचे कोड दाखवून थांबतं.

इथल्या दादांनी पहिला अर्धा तास गाडीला हातच लावला नाही, नुसते प्रश्न. गरम झाल्यावर होतं का थंड असताना पण, एसी बंद केल्यावर फरक पडतो का, सेल्फ हल्ली जड फिरतो का, बॅटरी कितीदा बदलली. बंद करून चालू केल्यावर बरी होते हे ऐकल्यावर अण्णांना म्हणाले, "काका, गिअरबॉक्सच्या आतली क्लच प्लेट जळाली असती तर चावी फिरवून बरी झाली नसती. खोलायचं नाही, आधी अर्थिंग बघू." मग मोठा स्कॅनर लावून आतला कोड काढला, पी०७२०, म्हणजे आउटपुट स्पीड सेन्सरचं (गिअरबॉक्समधून बाहेर जाणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरचं) सर्किट. काटा शून्यावर का पडत होता ते तिथेच जुळलं, कारण आमच्या गाडीत स्पीडोमीटरला वेग त्याच सेन्सरकडून जातो.

दुसरा कोणी असता तर सेन्सर बदलून बिल केलं असतं. यांनी इंजिन चालू ठेवून सगळे लाइट, ब्लोअर, डिफॉगर लावायला सांगितलं आणि व्होल्ट मोजायचा मीटर धरला. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर १४.१ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. बॅटरीच्या टोकांवर मात्र १३.२. मधले ०.९ गेले कुठे? मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी गिअरबॉक्सच्या बॉडीला लावली तर तिथेच ०.९ दिसले, जे ०.२ च्या आत असायला पाहिजेत. इंजिन-गिअरबॉक्सपासून चासीला येणारी अर्थची जाड पट्टी, तिच्या थिंबलच्या (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या) आत हिरवा गंज भरलेला, वरून रबर एकदम नवं दिसत होतं. आणि यातली मेख अशी की गाडी बंद असताना हीच पट्टी ओहमवर (रेझिस्टन्स मोजून) चेक केली तर ठीकच दाखवते, कारण मीटर जेमतेम करंट सोडतो, लोड आल्याशिवाय ती उघडी पडत नाही. म्हणूनच ती आधी कोणाच्या लक्षात आली नव्हती आणि आम्ही बॅटऱ्या बदलत बसलो होतो, त्या बिचाऱ्या कधी पूर्ण चार्जच होत नव्हत्या.

गिअरबॉक्सशी याचा संबंध काय, हे त्यांनी अण्णांना कागदावर काढून दाखवलं. कंट्रोलर सेन्सरकडून येणारे पल्स (विजेचे ठोके) मोजून ठरवतो गिअर कधी बदलायचा आणि प्रेशर किती द्यायचं. अर्थच वरखाली व्हायला लागली की पल्स गाळले जातात, कंट्रोलरला वाटतं सेन्सर गेला, आणि तो सॉलिनॉइडचा (ऑइलची वाट उघडझाप करणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचा) करंट तोडून टाकतो. करंट तुटला की आमच्या गिअरबॉक्समध्ये ऑइलच्या प्रेशरवर तिसरा गिअर तेवढा लागून राहतो, गाडी हळूहळू घरी नेता यावी म्हणून केलेली ही सोय आहे. घाटात नेमका तोच तिसरा गिअर आम्हाला भोवला.

पट्टी नवीन टाकली, बॉडीवर जिथे बसते तिथला रंग खरवडून मग आवळली. सेन्सरच्या कपलरमध्येही (तारा जोडायच्या प्लगमध्येही) पाणी गेलेलं होतं, त्याच्या पिना बदलून नीट क्रिम्प करून (पकडीने दाबून) दिल्या, तारा पिळून वर काळी टेप मारायचा प्रकार नाही. जुन्या मालकाने बसवलेल्या सिक्युरिटी अलार्मचे जोडही दाखवले, चावीच्या वायरिंगमध्ये मध्येच तारा सोलून घुसवलेले, ते काढून टाकले. मग ऑइल. लालसर असायला हवं ते तपकिरी झालं होतं पण जळका वास नव्हता. मशीनने फ्लश न करता काढून-भरून घ्या म्हणाले, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच ऑइल, आणि एका वेळेत साधारण अर्धंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून थोडी चालवून परत एकदा. झालेला सगळा खर्च ओव्हरहॉलच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शातही बसला.

आता नीट न वाटलेलं. फोनवर वेळ मिळत नाही, जाऊनच नंबर लावावा लागतो, शनिवारी तर जाऊच नका. गाड्या उन्हात उभ्या असतात, बसायला धड जागा नाही, वयस्कर माणसाला नेणार असाल तर पाण्याची बाटली बरोबर ठेवा. तपासायचे पैसे वेगळे घेतात, काम करा न करा. काहींना ते खटकतं, मला उलट हेच बरोबर वाटतं, कारण शोधायचेच पैसे मिळाले तर पार्ट खपवायची घाई राहत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशकात मोजून काम करणारी माणसं पुष्कळ आहेत, पण तीच शिस्त रस्त्यावरच्या जुन्या गाडीला मिळणं दुर्मिळ आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, जायच्या आधी बॅटरीची वायर काढू नका आणि कोड पुसू नका. कोड कोणत्या स्पीडला, किती गरम असताना आला ही नोंदही त्याच्याबरोबर पुसली जाते, आणि बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सने शिकलेलं सेटिंगही जातं, मग काही दिवस तो तसाही विचित्र चालतो आणि शोधणाऱ्याला चकवा बसतो. कधी, कुठे, काय काय चालू असताना होतं ते मोबाइलवर लिहून न्या, काट्याचा व्हिडिओ शेजारच्याला काढायला सांगा.

त्यानंतर अख्ख्या पावसाळ्यात काटा एकदाही पडलेला नाही, वणीला गडावर पण जाऊन आलो. डी मध्ये टाकताना हलकीशी धडक अजून लागते, ती इंजिन माउंटिंगची आहे असं त्यांनी तेव्हाच दाखवून ठेवलं होतं आणि घाई नाही म्हणाले होते. ते काम दिवाळीआधी इथेच करून घेणार आहे.